दहा डेसिबलांची सवलत

ज्या नियमावलीने नागरिकाच्या झोपेचे रक्षण करावयाचे, तिच्यातच झोपमोड करणारासाठी थोडीशी सवलत राखून ठेवलेली असावी, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कारण सरकारी नियम वाचण्याची तसदी घेणारे लोक थोडे, आणि ते वाचूनही तक्रार गुदरण्याइतका उत्साह ज्यांच्या अंगी शिल्लक राहतो असे तर त्याहूनही थोडे. केंद्र शासनाने २००० सालच्या फेब्रुवारीत जारी केलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा घालून दिली आहे. त्याच नियमांतील सातवा नियम मात्र असे सांगतो की, रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला असल्यास गोष्ट निराळी, एरवी आवाज या मर्यादेच्या वर दहा डेसिबल किंवा त्याहून अधिक गेला तर नागरिकाने संबंधित अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. दहा हा आकडा ऐकावयास किरकोळ वाटतो. परंतु डेसिबलचे गणित बेरजेचे नसून गुणाकाराचे आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होते आणि कानाला तो आवाज सुमारे दुप्पट मोठा भासतो. तेव्हा मर्यादेच्या दुप्पट गोंगाट होईपर्यंत निमूटपणे सोसावे आणि मगच अर्ज लिहावयास बसावे, असा या नियमाचा व्यवहारातील अर्थ होतो.

ही सवलत कायद्याने दिली असली, तरी मनुष्याच्या देहाने तिला कधीच मंजुरी दिलेली नाही. आणि देहाने नामंजूर केलेल्या त्या दहा डेसिबलांचा हिशेब आज आमच्या शहरांत औषधाच्या दुकानी, झोपेच्या व चिंताशामक गोळ्यांच्या रूपाने, चुकता केला जात आहे, एवढेच मला या लेखात मांडावयाचे आहे.

या प्रश्नाचा विचार नागपुरात बसून व्हावा हे सर्वथा उचित आहे. ध्वनी मोजण्याचे शास्त्र जाणणारी ‘नीरी’ ही राष्ट्रीय संस्था येथलीच. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची मध्यवर्ती संशोधन संस्था म्हणून तिचा आरंभ झाला, १९७४ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर दिलेल्या निकालानंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी राज्यातील २७ शहरांच्या ध्वनिपातळीचे मोजमाप करून नकाशे तयार करण्याचे काम तिनेच पार पाडले. कायद्याचा अर्थ लावणारे उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे सिव्हिल लाइन्समध्ये आहे. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशनही येथेच भरते. मोजणारे, निवाडा देणारे आणि कायदे करणारे असे सर्व मानकरी ज्या नगरीत नांदतात, तिने तरी रात्री सुखाने झोपावे अशी अपेक्षा केल्यास ती अवास्तव म्हणता येणार नाही.

वस्तुस्थिती काय आहे? वैशाखातील एखादी लग्नतिथी घ्यावी. महाल-इतवारीच्या बोळातून किंवा एखाद्या नव्या लेआउटच्या रस्त्यावरून वरात निघते. पुढे लहानशा मालमोटारीवर रचलेला ध्वनिक्षेपकांचा मनोरा, मागे जनरेटरची गाडी, आणि दोन्ही बाजूंनी डोक्यावर विजेची झुंबरे तोलून धरलेले रोजंदारीचे लोक, ज्यांच्या कानांची काळजी यजमान, वाजवणारा वा अंमलदार यांपैकी कोणीही वाहत नाही. गाणे कोणते चालले आहे हे चार घरांपलीकडे समजत नाही, कारण उंच पट्टीचे सूर भिंती अडवून धरतात. परंतु खर्जाचे ठोके भिंतीला जुमानत नाहीत, आणि म्हणून घरातील मनुष्याला गाण्यातले शब्द न मिळता केवळ त्याचे धक्के मिळतात. स्वयंपाकघरात फळीवरचे स्टीलचे डबे एकमेकांना लागून किणकिणू लागतात, खिडकीची तावदाने चौकटीत थरथरतात, आणि बिछान्याला खिळलेली एखादी म्हातारी छातीवर हात ठेवून विचारते, “काहून एवढं वाजवून राहिले बाप्पा?” त्याला उत्तर ठरलेले असते: लग्न काय रोज होते काय? त्या घरचे लग्न रोज होत नाही हे खरेच. पण रस्ता तोच, मंगल कार्यालय तेच आणि तिथी अनेक. वरात पांगली की मध्यरात्रीनंतर सायलेन्सर बदलून घेतलेल्या बुलेटचे फटाके सुरू होतात, ज्यांची तिथी पंचांगात पाहावी लागत नाही. भर म्हणून उड्डाणपुलांचे आणि सिमेंट रस्त्यांचे काम आहे. निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवू नयेत आणि भोंगा वाजवू नये असे २०१० सालच्या दुरुस्तीने स्पष्ट लिहून ठेवले आहे. तथापि कंत्राटाची मुदत आणि नियमाची अंमलबजावणी यांची गाठ पडली असता माघार कोणी घ्यावी याचा आमच्याकडे एक अलिखित शिरस्ता आहे.

आता देहाच्या दप्तरात या गोष्टीची नोंद कशी होते ते पाहू. कानावर पडलेला ध्वनी मेंदूच्या त्या भागाकडे जातो जेथे त्याचा अर्थ लागतो, हे आपण शाळेत शिकलो. परंतु त्याची एक वाट भयाशी संबंध असलेल्या अमिग्डला नामक केंद्राकडेही जाते, आणि हा आवाज शेजाऱ्याच्या वरातीचा आहे, वाघाचा नव्हे, असा विवेक बुद्धीने करण्याच्या आतच तेथून धोक्याची वर्दी निघालेली असते. त्या वर्दीसरशी मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरते, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. आणि थोड्या सावकाशीने दुसरी, अधिक दूरगामी यंत्रणा हालू लागते. मेंदूच्या तळाशी असलेले अधोथॅलॅमस पोष ग्रंथीला आज्ञा देते, पोष ग्रंथी अधिवृक्काच्या बाह्यकाला आज्ञा देते, आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवू लागते, जे रक्तात साखर उपलब्ध करून देते, दाहाला आवर घालते आणि संकटाशी सामना संपेपर्यंत शरीराची इतर कामे तहकूब ठेवते. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली निरनिराळ्या आघातांना शरीर एकाच ठरावीक रीतीने तोंड देते असे दाखवले, तेव्हापासून ताणाच्या शास्त्राचा पाया घातला गेला असे मानतात.

कॉर्टिसॉलला आजकाल वर्तमानपत्री आरोग्यसदरांतून खलनायक ठरवण्याची प्रथा पडली आहे, ती मला मान्य नाही. त्याच्यावाचून मनुष्य जगू शकत नाही. त्याची स्वतःची एक दिनचर्या असते: पहाटे ते वाढू लागते, जाग आल्यानंतर अर्ध्यापाऊण तासात परमोच्च पातळीस पोहोचते, दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास नीचतम होते. शिवाय रक्तातील त्याचे प्रमाण पुरेसे झाले की मेंदू ते ओळखून पुढील आज्ञा थांबवतो, अशी परतीची व्यवस्थाही निसर्गाने करून ठेवली आहे. बिघाड होतो तो त्याच्या असण्याने नव्हे, तर जेव्हा ते खाली बसावयास हवे त्याच वेळी त्याला रोज उठवले गेल्याने. ब्रूस मॅकइवेन यांनी १९९३ साली एलियट स्टेलर यांच्यासह या दीर्घकालीन झिजेची कल्पना मांडली. आघात एकच वारंवार होत राहिला, किंवा थांबूनही शरीराला तो थांबल्याचे कळले नाही, म्हणजे रक्षणासाठी असलेली यंत्रणाच रक्तवाहिन्या, साखरेचे नियमन आणि स्मरणशक्ती यांच्यावर भार होऊन बसते.

विदर्भातील वाचकाला येथे एक रास्त शंका येईल. आम्ही तर जन्मभर कूलरच्या घरघराटात झोपत आलो आहोत. वाळ्याच्या ताट्यांमागे फिरणारा तो भला थोरला पंखा आणि त्याखाली पाणी उपसणारा पंप यांचा संयुक्त आवाज एखाद्याने मोजला, तर तो ४५ डेसिबलांचा उंबरठा केव्हाच ओलांडून गेलेला आढळेल, आणि तरीही मे महिन्यात त्याच्यावाचून झोप येत नाही, उलट रात्री वीज जाऊन तो बंद पडला तरच जाग येते. मग वरातीने काय असे बिघडवले? या शंकेत प्रश्नाचे अर्धे मर्म आहे. कूलरचा आवाज एकसारखा असतो; तो चढत नाही, थबकत नाही, दचकवीत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याचे बटण आपल्या हाती असते. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही लोकांना अवचित येणारे कर्कश आवाज ऐकवले. त्यांतील एका गटाला आवाज बंद करण्याचे बटण दिले आणि शक्यतो ते दाबू नये अशी विनंती केली. बहुतेकांनी ते दाबले नाही. म्हणजे दोन्ही गटांनी तोच गोंगाट ऐकला. तरीदेखील नंतर कोडी सोडविण्यास व मुद्रिते तपासण्यास बसविले असता, ज्यांच्या हाताशी बटण होते ते अधिक चिकाटीने व कमी चुका करीत काम करू शकले. ज्याला कोठे जाऊन बंद पाडता येत नाही, जो केव्हा येईल व केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि ज्याच्याबद्दल विचारणा केली असता आपणच उपद्रवी ठरतो, असा आवाज देहाला आकड्याहून कितीतरी मोठा वाटतो. पोलीस ठाण्यात फोन लावून “गाडी पाठवतो” हे उत्तर ऐकलेल्या आणि पुढे गाडीची वाट पाहत पडून राहिलेल्या नागरिकाच्या हाती जे बटण कायद्याने दिले आहे, त्याला तार जोडलेली नसते.

ही शंका एवढ्याने मिटली, पण पूर्णपणे नव्हे. सवय झाली असे आपण म्हणतो, ती सवय मनाची असते. जर्मनीतील माइन्त्स येथे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७५ निरोगी स्त्री-पुरुषांना रात्री त्यांच्या घरीच विमानांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आले. सकाळी तपासले तेव्हा रक्तवाहिन्यांची प्रसरणशक्ती कमी झाली होती आणि अ‍ॅड्रेनॅलिन वाढलेले होते. झोपलेला मनुष्य ऐकत नाही असे समजणे ही भूल आहे. म्युनिक शहराचे नवे विमानतळ १९९२ च्या मे महिन्यात सुरू झाले, त्याच्या आधीपासून तेथील शाळकरी मुलांची तपासणी करून पुढील दोन वर्षे ती चालू ठेवणाऱ्या गॅरी इव्हान्स व सहकाऱ्यांना असे आढळले की, गोंगाटाच्या वस्तीतील मुलांचा रक्तदाब आणि रात्रभरच्या मूत्रातील अ‍ॅड्रेनॅलिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही वाढत गेली. कॉर्टिसॉलमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. उलट लंडन, बर्लिन, अ‍ॅम्स्टरडॅम, स्टॉकहोम, मिलान आणि अथेन्स या सहा शहरांच्या विमानतळांभोवती झालेल्या ‘हायेना’ नामक मोठ्या पाहणीत ६० डेसिबलांहून अधिक विमानध्वनी सोसणाऱ्या स्त्रियांच्या लाळेतील सकाळचे कॉर्टिसॉल सुमारे एकतृतीयांशाने अधिक आढळले, पुरुषांच्या बाबतीत तसे निश्चित काही हाती लागले नाही. तेव्हा ‘ताणाची चाचणी’ म्हणून सकाळी एकदा रक्त घेऊन कॉर्टिसॉलचा आकडा हाती देणाऱ्या ज्या सवलतीच्या योजना अलीकडे प्रयोगशाळांच्या फलकांवर झळकतात, त्यांच्यावर निरोगी मनुष्याने पैसे घालवावेत असे मला वाटत नाही. जे चोवीस तासांत चढते-उतरते, स्त्री-पुरुषांत भिन्न वागते आणि दीर्घ ताणात कधी वाढते तर कधी उलट थकून मंदावते, त्याची परीक्षा एका थेंबावरून होत नाही.

याच सहा शहरांच्या पाहणीतून २०११ साली जो आणखी एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो माझ्या मते या सर्व विषयाचा कळीचा मुद्दा आहे. ४५ ते ७० वर्षे वयाच्या सुमारे ४,८०० रहिवाशांच्या घरी जाऊन त्यांच्या औषधांची माहिती घेतली असता असे दिसले की, विमानांचा आवाज दहा डेसिबलांनी वाढला की चिंताशामक औषध घेण्याची शक्यता सव्वापटीहून किंचित अधिक होते, आणि हे सहाही देशांत सारखेच खरे आहे. दहा डेसिबल! आमच्या सातव्या नियमाने जी पायरी तक्रारीस अपात्र म्हणून सोडून दिली, नेमकी तीच पायरी तेथे गोळीच्या पाकिटापर्यंत घेऊन जाते. विमान निराळे आणि वरात निराळी, युरोप निराळा आणि नागपूर निराळे, हे आक्षेप मी गृहीत धरतो. आमच्याकडे अशी पाहणी व्हावी असाच त्यांचा निष्कर्ष निघतो.

तोवर धंतोलीत किंवा मेडिकल चौकात औषधाच्या दुकानासमोर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहावे. ढवळाढवळ न करता ऐकले तरी पुरते. “भाऊ, ते पॉइंट टू फाइव्हची पट्टी द्या,” असे कोणी हलक्या आवाजात म्हणतो, आणि ते अल्प्राझोलाम असते हे देणारा व घेणारा दोघांनाही ठाऊक असते. “चिठ्ठी?” “डॉक्टरांनी मागेच लिहून दिली होती, घरी राहिली.” अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोलपिडेम ही औषधे २०१४ च्या मार्चपासून ‘एच-१’ या अनुसूचीत गणली जातात, वेष्टनावर लाल चौकटीत इशारा छापावा, चिठ्ठीवाचून विकू नये, आणि विक्रेत्याने स्वतंत्र नोंदवही ठेवून तीत डॉक्टराचे नाव-पत्ता, रोग्याचे नाव, औषध व प्रमाण लिहून ती तीन वर्षे जपावी असा दंडक आहे. नियम ध्वनीचा असो की औषधाचा, लिहिताना आम्ही कोणास हार जात नाही. सचोटीने ही वही ठेवणारे दुकानदार या शहरात पुष्कळ आहेत, आणि त्यांना विचारले तर चिठ्ठी नसल्यामुळे परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांच्या शिव्या त्यांनी किती खाल्ल्या तेही ते सांगतील. पण त्या वहीत एक रकाना नाही: झोप कशाने गेली?

या गोळ्या कॉर्टिसॉलचे काय करतात? बेंझोडायाझेपिन वर्गातील औषधे, ज्यांचा आरंभ लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून १९६० साली लिब्रियमने आणि १९६३ साली व्हॅलियमने झाला, मेंदूतील गॅबा या शामक द्रव्याचा प्रभाव वाढवतात. त्यामुळे अधोथॅलॅमसची आज्ञाच मंदावते, आणि अल्प्राझोलामच्या एखाद्या मात्रेनंतर काही तास पोष ग्रंथीचे संप्रेरक व कॉर्टिसॉल ही दोन्ही खाली येतात. तेवढ्यापुरते पाहिले तर औषधाने आपले काम चोख बजावले. परंतु नित्य सेवनाने मेंदू या प्रभावाला सरावतो, पूर्वीची मात्रा अपुरी पडू लागते. झोप लागली तरी तिच्यातील गाढ अवस्थेचा वाटा घटतो. आणि औषध एकाएकी थांबवले तर दाबून ठेवलेली यंत्रणा दुप्पट जोराने उसळून येते, ज्यात चिंता व निद्रानाश परततातच, पण क्वचित फेफरेही येऊ शकते. म्हणून हा लेख वाचून कोणीही आपली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावयाची असते. वृद्धांच्या बाबतीत रात्री उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्याची भीती निराळीच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली या संपूर्ण वर्गाच्या वेष्टनावर दुरुपयोग, अवलंबित्व व औषध सोडतानाचे परिणाम यांबद्दलचा सर्वांत कडक इशारा छापणे सक्तीचे केले, ते उगाच नव्हे. एस्सिटालोप्राम वा सर्ट्रालिन या नैराश्यविरोधी औषधांची जात वेगळी. त्यांची पहिली मात्रा कॉर्टिसॉल खाली आणण्याऐवजी तात्पुरते वाढवूही शकते, आणि गुण दिसावयास काही आठवडे जातात. हे आधी न सांगितल्यामुळे पुष्कळ रोगी आठ दिवसांत औषध टाकून देतात. प्रोप्रॅनोलॉल हृदयाची धडधड शमवते, म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिनचा हुकूम हृदयापर्यंत पोचू देत नाही. हुकूम देणारे कचेरीत तसेच बसून असतात.

मनाच्या औषधांविरुद्ध जो एक स्वस्त कडवटपणा आमच्या समाजात आहे, त्याच्यात भर घालण्याची माझी मुळीच इच्छा नाही. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रोगी उपचाराविनाच राहतात असे दिसून आले होते. ज्याला खरोखर चिंताविकार आहे त्याला औषध मिळत नाही, आणि ज्याला केवळ शांत खोली हवी होती त्याच्या हाती मात्र सहजी पट्टी पडते, ही विपरीत व्यवस्था आहे. या दुसऱ्या मनुष्याच्या शरीरातील कॉर्टिसॉल वाढले ते विकारामुळे नव्हे. शरीर आपले कर्तव्य करीत होते. चोर आल्याची हाक देणाऱ्या कोतवालालाच अफू पाजून निजवावे आणि मग वाड्यात शांतता नांदू लागली म्हणून समाधान मानावे, तसा हा उपचार आहे.

नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे. एके काळी ते गावाबाहेर होते. आज त्याच्या दारावरून छिंदवाड्याकडे जाणारी वाहतूक अहोरात्र धावते आणि ज्या चौकाला लोक अद्यापि पागलखाना चौक म्हणतात, तेथे भोंग्यांना उसंत नसते. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरचा टापू शांतता क्षेत्र मानावा, दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलांवर आवाज जाऊ नये, अशी मूळची योजना होती. २०१७ सालच्या दुरुस्तीने त्यात असे घातले की, राज्य शासनाने जाहीर केल्यावाचून कोणताही टापू शांतता क्षेत्र ठरणार नाही. म्हणजे रोगी आहे, खाट आहे, डॉक्टर आहे, परंतु जाहीरनामा नसेल तर शांतता नाही. चिंतेने ग्रासलेल्या मनुष्याला ज्या इमारतीत शामक औषध द्यावयाचे, तिच्या खिडकीशी येणाऱ्या आवाजाची नोंद आरोग्य खाते ठेवीत नाही, आणि ज्याच्याकडे आवाजाची नोंद आहे त्या प्रदूषण मंडळाला खाटेवरच्या मनुष्याशी कर्तव्य नाही.

धर्माचा प्रश्न येथे ओढून आणला जातो, म्हणून त्यासंबंधी थोडक्यात. गणपती, ईद-ए-मिलाद, रामनवमी, चौदा एप्रिल, नागपूरची मारबत, यांपैकी कोणत्याही उत्सवाचा प्राण विजेच्या भोंग्यात नाही. काळी व पिवळी मारबत निघू लागली त्या एकोणिसाव्या शतकात ध्वनिक्षेपक अस्तित्वात नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी कोणाला ऐकण्याची सक्ती करण्याचा अधिकार कोणासही नाही हे तत्त्व विस्ताराने मांडले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे पुन्हा सांगितले. राजकीय पुढाऱ्यांनाही ही जाणीव नाही असे नव्हे. आमच्या शहराचे खासदार व केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ साली एका भाषणात आपण नागपुरात अकराव्या मजल्यावर राहतो, पहाटे प्राणायाम करतो आणि भोंग्यांनी त्या शांततेचा भंग होतो अशी कैफियत मांडून, वाहनांना बासरी-तबल्यासारख्या भारतीय वाद्यांचे सूर देणारे भोंगे लावण्याचा मनोदय व्यक्त केला होता. मंत्रिमहोदयांची तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे. उपाय मान्य नाही. चौकात हजार बासऱ्या एकदम वाजल्या तर अधिवृक्क ग्रंथी त्यांस संगीत म्हणून दाद देईल असे शरीरशास्त्रात कोठे आढळत नाही.

मग करावे काय? डॉक्टरांकडून मला फार थोडे हवे आहे. झोप येत नाही म्हणून आलेल्या रोग्याच्या केसपेपरवर चहा, मद्य, मधुमेह, घरातील कलह यांची चौकशी होते, तेथेच त्याच्या खोलीची खिडकी कोणत्या रस्त्याकडे उघडते आणि रात्री तेथे काय ऐकू येते, याची एक ओळ लिहिली जावी. कित्येकदा बिछाना मागच्या खोलीत हलविण्याने, कानांत बोळे घालण्याने किंवा खिडकीच्या फटी बुजवण्याने जे साधते ते गोळीने साधत नाही, आणि निद्रानाशावर औषधाविना वर्तनोपचाराची जी पद्धत आहे तिचे नाव तरी रोग्याला कळावे. महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाने ध्वनी हा आपला विषय मानावा. आज ठाण्यातील अंमलदार तक्रार कायदा-सुव्यवस्थेची म्हणून ऐकतो आणि गर्दीशी वाद नको म्हणून सोडून देतो. तीच तक्रार एखाद्या साथीच्या खबरीप्रमाणे आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर गेली, तारीख-वार-स्थळानिशी तिचा तक्ता बनला, तर कोणत्या मंगल कार्यालयाच्या आसपास लोकांची झोप वारंवार जाते हे वर्षभरात उघड होईल. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०११ साली ध्वनिमापनाचे राष्ट्रीय जाळे सुरू केले तेव्हा त्यातील सात शहरांत नागपूर नव्हते. परंतु ज्या गावात नीरी आहे त्याने दिल्लीची वाट का पाहावी? सीताबर्डी, मेडिकल, मेयो आणि मनोरुग्णालय येथे रात्रीचा आकडा दाखवणारे चार फलक उभे करणे या शहराच्या ताकदीबाहेरचे नाही. सरासरीबरोबर रात्रीतील सर्वांत मोठ्या आवाजाचा आकडाही त्यावर असावा, कारण झोप मोडते ती त्या एका क्षणाने.

राहिली ती दहा डेसिबलांची सवलत. ध्वनिनियम केंद्राचे असल्यामुळे त्यातील शब्द बदलण्याचा अधिकार केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचा, हे खरे. पण राज्याच्या विधिमंडळाने ठराव करून शिफारस करण्यास कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही. डिसेंबरात अधिवेशनासाठी येणाऱ्या सन्माननीय सदस्यांच्या कानांवर टेकडी रोडवर आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवलेल्या मोर्च्यांचे भोंगे सकाळपासून आदळत असतात, आणि लोकशाहीत ते आदळलेच पाहिजेत, कारण ते दिवसा असतात व त्यांना काही सांगावयाचे असते. विदर्भातील एखाद्या आमदाराने यंदाच्या अधिवेशनात सातव्या नियमातील ‘दहा डेसिबल किंवा त्याहून अधिक’ हे शब्द गाळावेत असा अशासकीय ठराव मांडावा, आणि त्यासोबत अन्न व औषध प्रशासनाच्या मंत्र्यांना एक तारांकित प्रश्न विचारावा: नागपूर जिल्ह्यातील औषध दुकानांच्या एच-१ नोंदवह्यांत गेल्या पाच वर्षांत अल्प्राझोलामच्या किती गोळ्यांची नोंद झाली, आणि त्यांची महिनावार वाटणी काय?